कमिट मेसेजच्या लांब ओळी गिटने स्वतःच मोडायला काय हरकत आहे?

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल; कमिट ही त्यातली एक नोंद, आणि कमिट मेसेज हे तिचं वर्णन. तुम्ही आणखी एक विचारलंय: तिकीट नंबर (कामाच्या नोंदीचा क्रमांक, जसा ‘#४१२’) असलेली ओळ मेसेजमधून गायब कशी झाली? आधी तेच घेऊ, कारण शीर्षकातल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

विम या एडिटरमध्ये कमिट मेसेज लिहिताना ७२ अक्षरांवर ओळ आपोआप मोडते. ती नेमकी ‘#४१२’च्या आधी मोडली की नवी ओळ ‘#’ने सुरू होते, आणि एडिटरमधून आलेल्या मेसेजमधली अशी ओळ गिट कॉमेंट समजून काढून टाकतं. कसलीही सूचना येत नाही. एडिटर न उघडता कमांडमध्येच ‘-एम’ने दिलेल्या मेसेजमधली अशी ओळ तेव्हा टिकते, पण पुढे अमेंड करताना, म्हणजे तोच कमिट सुधारताना, एडिटर उघडलात की ती जाते. गिटच्या सेटिंगमध्ये ‘कोअर.कमेंटचार’ला (कॉमेंटचं चिन्ह) ‘;’ द्या, किंवा ‘कमिट.क्लीनअप’ला (मेसेज साफ करायची पद्धत) ‘सिझर्स’, प्रश्न मिटतो.

म्हणूनच माझं ठाम मत आहे की टूलने मेसेज तपासावा, त्याला हात लावू नये. मेसेजमध्ये स्टॅक ट्रेस (प्रोग्रॅम कुठे अडला ते सांगणारी यादी) असतो, कमांड असते, लांब लिंक असते. ती मोडली की कॉपी करून चालत नाही, आणि साधं वाक्य कोणतं, कमांड कोणती हे गिटला कळणार नाही. नंतर सुधारावं तर त्या कमिटचा आणि पुढच्या सगळ्या कमिटचा हॅश, म्हणजे ओळख-क्रमांक, बदलतो.

मेसेजच्या मांडणीत गिट स्वतः मानतं ती शीर्षकानंतरची रिकामी ओळ. तिच्याआधीचं सगळं शीर्षक. ती विसरलात तर वरच्या सगळ्या ओळी एकाला एक जोडून वनलाइन लॉगमध्ये (दर कमिटला एक ओळ दाखवणारी यादी) आणि फॉरमॅट-पॅचने (कमिटचा ईमेल बनवणारी कमांड) केलेल्या ईमेलच्या विषयात दिसतात. तेव्हा दुसरी ओळ रिकामी नसेल तर कमिट अडवा. शीर्षक ५० अक्षरांच्या पुढे गेलं तर नुसता इशारा पुरे.

हे काम कमिट-एमएसजी हुकचं; हुक म्हणजे ठरावीक वेळी गिट आपोआप चालवतं ती स्क्रिप्ट. त्याला मेसेजच्या फाइलचा पाथ मिळतो, आणि एक्झिट कोड शून्य नसला की कमिट थांबतं. हुक क्लोनबरोबर (प्रोजेक्टची प्रत घेताना) येत नाहीत, म्हणून ते रेपोतल्याच, म्हणजे प्रोजेक्टच्या साठ्यातल्याच, एका फोल्डरमध्ये ठेवून प्रत्येकाने ‘कोअर.हुक्सपाथ’ हे सेटिंग तिकडे वळवायचं. ‘--नो-व्हेरिफाय’ने हा हुक टाळता येतो; सक्ती हवीच असेल तर तीच तपासणी सर्व्हरवर प्री-रिसीव्ह हुकमध्येही (कमिट स्वीकारण्याआधी चालणारा) लावा.

मेसेज मराठीत लिहीत असाल तर लांबी ‘डब्ल्यूसी -सी’ या मोजणीच्या कमांडने मोजू नका, ती अक्षरं नाही, बाइट मोजते. ‘नोंदणी’त काना-मात्रा-अनुस्वार धरून ६ चिन्हं आहेत, यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत बाइट मात्र १८, असे तीन शब्द झाले की ५०ची मर्यादा ओलांडली. त्याऐवजी ‘डब्ल्यूसी -एम’ वापरा आणि हुकमध्ये लोकेल (भाषेचं सेटिंग) यूटीएफ-८ ठेवा.