पेरूला मेण लावू का?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ड्रममध्ये पेरू लावलाय. पावसाळ्यात फळं भरपूर धरतात, पण कापली की आत अळ्या. सफरचंदांना मेण लावतात, तसं झाडावरच्या पेरूंना मेण किंवा कडुनिंबाचं तेल चोपडलं तर माशी अंडी घालायची थांबेल का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : मेण नको. सफरचंदाला ते तोडणीनंतर लावतात, फळ सुकू नये आणि चकाकावं म्हणून. तुमचा पेरू अजून फुगतोय; आज लावलेला थर उद्या तडकणार.

लेपाची कल्पना मात्र खुळी नाही. भूमध्य समुद्राकाठचे ऑलिव्हवाले केओलिन ही पांढरी माती पाण्यात कालवून झाडावर फवारतात. पांढरं पडलेलं फळ माशीला नीट ओळखू येत नाही आणि मातीचे कण तिच्या पायांना चिकटतात, मग ती तिथे टेकत नाही. पण तिकडचा उन्हाळा कोरडा. आपल्याकडे जुलैत एक सर आली की लेप ड्रममध्ये! कडुनिंबाच्या तेलाचीही तीच गत.

पेरूवर टाचणी टोचल्यासारखा ठिपका आणि भोवती मऊ, काळपट हिरवं साल दिसलं, तर अंडी आत गेली म्हणून समजा. त्यानंतर वरून काहीही फासा, उपयोग शून्य.

म्हणून फळ लिंबाएवढं असतानाच त्याला पिशवी घाला. कागदाची पावसात विरघळते, प्लॅस्टिकची असेल तर तळाला भोकं हवीत, नाहीतर फळ घामेजून कुजतं. जुन्या मलमलीची शिवलीत तर उत्तम, फक्त कापड सालीला चिकटू देऊ नका. चिकटलं की माशी कापडावरूनच टोचते. फळवाल्याकडच्या पेअरला फोमची जाळी असते ना, ती आधी पेरूला चढवा आणि वर पिशवी बांधा.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा चांगला आहे, पण त्यात येतात ते नर. शेजारच्या कंपाउंडातून अंडी घालायला आलेली मादी त्याने अडत नाही. गळालेली फळं ड्रममध्ये टाकू नका, कंपोस्टमध्ये तर नकोच. अळी मातीत शिरून कोष करते आणि पुढची पिढी तुमच्याच ड्रममधून उडते. पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाका.

खरं सांगायचं तर पावसाळी पेरूचा नादच सोडा. तो पाणचटही असतो. मेमधली फुलं खुडून मृगाचा बहार धरा, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला येणारी फुलं ठेवा; त्यांची फळं थंडीत येतात. थंडीतल्या फळाला माशीचा त्रास बराच कमी.