शेंगतेल सोडून ऑलिव्ह तेल घ्यावं का?

प्रश्न : मुलानं पुण्याहून ऑलिव्ह तेलाची बाटली आणलीय. यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय. घाण्याचं शेंगतेल बंद करू का? चमचाभर चाखलं तर घशात झोंबलं. खराब असेल का? मळ्यात ऑलिव्हचं झाड लावता येईल?
– एक भगिनी, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : ताई, ते झोंबणं चांगलं लक्षण आहे. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ म्हणजे रसायनं न वापरता नुसतं दाबून काढलेल्या तेलातल्या ओलिओकँथाल या घटकानं घसा चुरचुरतो. खवट, जुनाट वास आला तर मात्र वापरू नका.

या तेलात सुमारे ७० टक्के ओलेइक आम्ल, म्हणजे एक चांगली (असंपृक्त) चरबी असते. तूप-लोण्याऐवजी ते वापरलं तर वाईट कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते. शेंगतेलातही हेच आम्ल निम्म्याच्या आसपास असतं, म्हणून घाणा सोडायची गरज नाही. माझ्या घरी फोडणी शेंगतेलाचीच. ऑलिव्ह तेल मी गॅस बंद केल्यावर काकडीच्या कोशिंबिरीवर, मुगाच्या उसळीवर घालते. पण एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात! रोजच्या तेलात भर नको, त्यातलंच कमी करून हे घ्या. बाटली शेगडीजवळ ठेवू नका, उजेडानं आणि उष्णतेनं तेल बिघडतं. आणि तुमच्या यजमानांची कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच थांबवू नका.

झाडाचं म्हणाल तर ते भूमध्य समुद्राकाठचं. तिथं पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. आपल्याकडं नेमकं उलट. मोहोराला थंडीही भरपूर लागते. रोप जगेल, फळांची आशा धरू नका. तासगावात द्राक्षंच बरी.