इसबावर स्टेरॉइड मलम लावल्याने त्वचेवरचे चांगले बॅक्टेरियापण मरतात का? त्यापेक्षा प्रोबायोटिक क्रीम बरं का?

नाही, उलट आहे. मला लहानपणापासून इसब आहे म्हणून हे जरा खोदून वाचलंय. स्टेरॉइड मलम हे जंतुनाशक नाही, ते सूज आणि खाज उतरवतं. 2012 मध्ये अमेरिकेत इसब असलेल्या मुलांवर अभ्यास झाला, त्यात दिसलं की इसब उसळतं तेव्हा मुख्यतः स्टॅफिलोकोकस ऑरियस हा बॅक्टेरिया माजतो आणि बाकीचे बरेचसे मागे पडतात, आणि उपचाराने त्वचा सुधारली की बाकीचे परत दिसायला लागतात.

असं का, तर इसबात त्वचा आधीच कोरडी, चिरलेली असते, वर सूज वाढवणारे इंटरल्यूकिन 4 आणि 13 (शरीरातल्या पेशींचे निरोप नेणारे रेणू) त्वचेची स्वतःची जंतू मारणारी प्रथिनं दाबून टाकतात, मग ऑरियसचं फावतं. तो विषारी द्रव्यं सोडतो, खाज वाढते, आपण खाजवतो, त्वचा अजून फाटते आणि त्याला अजून जागा मिळते. ड्युपिलुमॅब हे इसबावरचं इंजेक्शन फक्त त्या दोन इंटरल्यूकिनचा सिग्नल अडवतं, अँटिबायोटिक अजिबात नाही, तरी ते घेणाऱ्यांच्या त्वचेवरचा ऑरियस कमी होतो! म्हणजे सूज उतरली की ऑरियसही मागे हटतो, माझ्या मते सगळं उत्तर यातच आलं.

चांगल्या बॅक्टेरियांची काळजीच करायची तर अँटिबायोटिक मलमाची करा, कारण ते ऑरियसला मारताना त्याला आवरणाऱ्या एपिडर्मिडिस, होमिनिस वगैरे भावंडांनापण झोडपतं, आणि सारखं वापरलं तर रेझिस्टन्स येतो, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. पिवळट ओल्या खपल्या, पू असं खरं इन्फेक्शन असेल तर डॉक्टर देतील ते घ्यायचं, पण उरलेली ट्यूब पुढच्या वेळेसाठी जपून ठेवायची सवय वाईट.

ब्लीच बाथचं (अगदी थोडं ब्लीच घातलेल्या पाण्यात अंघोळ) फार ऐकलं असेल, पण काही अभ्यासांमध्ये साध्या पाण्याच्या बाथनेही जवळपास तेवढाच फरक पडलेला दिसतो, त्यामुळे मनाने करू नका.

प्रोबायोटिक क्रीमवर मी तरी पैसे घालवणार नाही. रोझिओमोनास नावाच्या बॅक्टेरियावर सुरुवातीला खूप आशा होती, पण त्यापासून बनवलेलं एफबी-401 हे औषध 2021 मध्ये चाचणीत आपटलं. त्यापेक्षा मॉइश्चरायझर भरपूर लावा आणि मलम सांगितलंय तितके दिवस नीट लावा, घाबरून मध्येच सोडलं की इसब परत उसळतं.

आणि हो, एकसारखे बारीक दुखरे फोड आणि ताप आला तर ते हर्पिस व्हायरसचं असू शकतं, तेव्हा थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.