बेसबॉलचा रिलीफ पिचर पंधराच चेंडू टाकतो, मग कोपराच्या ऑपरेशननंतर त्याला सव्वा-दीड वर्ष का लागतं?

बेसबॉलच्या पिचरबद्दल, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याबद्दल, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. रिलीव्हर (मध्येच उतरणारा पिचर) स्टार्टरपेक्षा (सामना सुरू करणाऱ्यापेक्षा) इतके कमी चेंडू टाकतो, तर कोपराच्या टॉमी जॉन ऑपरेशननंतर तो लवकर परत का येत नाही? आणि तुमच्या आवडत्या संघाच्या रिलीव्हरने पाचव्या महिन्यात चेंडू टाकायला सुरुवात केली, मग त्याला दोन आठवडे थांबवलं, म्हणजे ऑपरेशन फसलं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: बहुधा नाही. कारण शेवटी येईलच.

पहिल्या प्रश्नातला हिशेब वरवर पटतो. स्टार्टरला एका सामन्यात नव्वदेक चेंडू, रिलीव्हरला पंधरा-वीस. पण ऑपरेशननंतरचे बरेचसे महिने चेंडूंची संख्या वाढवण्यात जात नाहीत. ते कोपरात बसवलेली नवी दोरी जिवंत व्हायची वाट बघण्यात जातात, आणि त्या दोरीला हा स्टार्टर की रिलीव्हर हे कळत नाही. अगदी शेवटी रिलीव्हरचे काही आठवडे वाचतात खरे, पण त्याच्या कामाचं स्वरूपच असं आहे की ते वाचलेले आठवडे दुसरीकडे खर्च होतात.

आधी तुटतं काय ते बघू. हात समोर धरून तळवा वर करा. कोपराच्या आतल्या बाजूला, करंगळीच्या रेषेत, हाडाचा एक टोकदार उंचवटा हाताला लागेल. तिथून खालच्या अल्ना नावाच्या हाडापर्यंत एक छोटा, जाड पट्टा जातो. तो अल्नर कोलॅटरल लिगामेंट. लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा. (सचिनच्या टेनिस एल्बोशी याची गल्लत नको. तो कोपराच्या बाहेरच्या बाजूचा, टेंडनचा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचा आजार.) पिचरचा हात मागे जाऊन पुढे झेपावतो त्या क्षणी दंड पुढे निघालेला असतो आणि पुढचा हात अजून मागेच रेंगाळत असतो. कोपराची आतली बाजू उघडायला बघते. हा जोर ६० न्यूटन-मीटरच्या वर जातो असं मोजलं गेलंय. मृतदेहांवरच्या चाचण्यांत मात्र एकटं लिगामेंट साधारण ३० ते ३५ लाच तुटतं. म्हणजे प्रत्येक जोरदार चेंडूला उरलेला भार दुसरं कुणीतरी उचलत असतं, आणि ते म्हणजे मनगट आणि बोटं वाकवणारे, पुढच्या हाताच्या आतल्या बाजूचे स्नायू. हे स्नायू दमले की त्यांचा भारही लिगामेंटवर येतो. एवढं वाक्य लक्षात ठेवा, रिलीव्हरचं सगळं दुखणं त्यात आहे.

क्रिकेटमध्ये कोपर सरळ करण्यावर १५ अंशांची मर्यादा आहे, त्यामुळे तिथल्या वेगवान गोलंदाजाची कंबर आधी बोलते, कोपर क्वचितच.

लिगामेंट अर्धवट फाटलं असेल तर लगेच कापाकापी करत नाहीत. साधारण सहा आठवडे फेकणं बंद, रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन, स्नायूंची ताकद, आणि मग हळूहळू फेकणं. न्यूयॉर्क यांकीजचा मासाहिरो तनाका २०१४ च्या जुलैत असा थांबला आणि त्याच सप्टेंबरात ऑपरेशनशिवाय परतला. पण पूर्ण फाटलं, किंवा हे सगळं करूनही आतली बाजू दुखतच राहिली, तर ऑपरेशन.

ते पहिल्यांदा केलं डॉ. फ्रँक जोब यांनी, २५ सप्टेंबर १९७४ ला, लॉस एंजेलिस डॉजर्सच्या टॉमी जॉनवर. १९७५ चा सगळा मोसम त्याचा बुडाला. १९७६ मध्ये तो परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या एकूण २८८ विजयांपैकी १६४ ऑपरेशननंतरचे आहेत.

ऑपरेशनात फाटकं लिगामेंट शिवत बसत नाहीत. हाडांना बोगदे पाडून त्यातून दुसरीकडचं टेंडन ओवतात. ते बहुधा मनगटातून घेतात. अंगठा आणि करंगळीची टोकं एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखं काही वर आलं का? ते पाल्मारिस लाँगस नावाचं टेंडन. ते काढून घेतलं तरी हाताचं काही अडत नाही. काहींना ते जन्मतःच नसतं. मग मांडीच्या आतल्या बाजूचं ग्रॅसिलिस घेतात.

आता टेंडन म्हणजे लिगामेंट नव्हे. ही गोष्ट आंब्याच्या कलमासारखी आहे. कलम बांधून पट्टी घट्ट केली म्हणजे ते जगलं असं होत नाही, आणि जगलं तरी पहिली काही वर्षं आलेला मोहोर खुडून टाकतात. नव्या जागी बसवलेल्या टेंडनचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. त्यातल्या जुन्या पेशी मरतात, सुरुवातीचे काही आठवडे ते उलट कमजोर होत जातं, मग आजूबाजूने रक्तवाहिन्या शिरतात आणि तंतू हळूहळू लिगामेंटसारखे मांडले जातात. हे काम वर्षभर, कधी त्याहूनही जास्त चालतं. पैसे, जिम, जिद्द, कशानेही ते पळवता येत नाही.

म्हणून वेळापत्रक साधारण असं असतं. पहिला आठवडा-दहा दिवस कोपर काटकोनात बांधलेलं. मग बिजागरीचा ब्रेस, त्यात ३० ते १०० अंशांएवढीच हालचाल, दर आठवड्याला दोन्ही बाजूंनी दहा-दहा अंश वाढवत पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण. या काळात मऊ चेंडू दाबणं चालतं, पण खांदा बाहेरच्या बाजूला वळवून ताणणं चालत नाही, कारण तो ताण थेट कोपराच्या आतल्या बाजूवर येतो. इथे दोन गोष्टी बिघडतात. घाबरून हालचाल कमी केली तर कोपर कायमचं थोडं वाकलेलं राहतं. आणि करंगळी-अनामिकेत मुंग्या आल्या तर लगेच सांगायला हवं, कारण अल्नर नस याच जागेवरून जाते. खुद्द टॉमी जॉनला या नसेसाठी काही महिन्यांतच दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागलं होतं.

सहाव्या आठवड्यानंतर अर्धा किलोच्या डंबेलपासून खांदा, पाठ आणि पुढचा हात. कच्च्या तांदळाने भरलेली बादलीही इथे येते: हात मनगटापर्यंत आत घालायचा, मूठ उघडायची-मिटायची, बोटं पसरायची, मनगट दोन्हीकडे फिरवायचं, प्रत्येकी अर्धा मिनिट. दिसायला पोरखेळ, पण भार उचलणारे ते आतले स्नायू यात चांगले तापतात. बाराव्या आठवड्याला दोन हातांनी जड चेंडू फेकणं, दोनेक आठवड्यांनी एका हाताने.

चौथ्या महिन्यात हात ठणठणीत वाटतो, आणि पिचर ऐकेनासा होतो. कलम मात्र अजून कच्चं असतं.

फेकणं साधारण सोळाव्या आठवड्याला, ४५ फुटांवरून. आधी अंग गरम करायचं, २५ थ्रो, पाच-दहा मिनिटं विश्रांती, पुन्हा २५. हे जमलं की त्याच अंतरावर २५ च्या तीन फेऱ्या. एक दिवस फेकणं, एक दिवस सुट्टी. मग ६०, ९०, १२० फूट, पुढे काहींना १५० आणि १८०. प्रत्येक थ्रोआधी छोटी उडी घेऊन पाय पुढे टाकायचा, म्हणजे जोर पायांतून येतो. जागेवर उभं राहून नुसत्या हाताने फेकलं की कोपर भरडलं जातं.

'अर्ध्या जोराने टाक' ही सूचना फसवी आहे. पिचर मनापासून अर्धा जोर लावतो तेव्हा चेंडूचा वेग नेहमीच्या सुमारे ८५ टक्के असतो आणि कोपरावरचा भार जवळपास तीन चतुर्थांश. म्हणून या टप्प्यावर रडार गन वेग वाढवायला नाही, पिचरला आवरायला वापरावी.

दुखलं तर काय, याचे फिजिओंचे नियम ठरलेले आहेत. गरम होताना दुखलं पण पहिल्या १५ थ्रोंत गेलं, तर मागचीच पायरी पुन्हा. फेकून झाल्यावर तासाभराहून जास्त दुखलं किंवा दुसऱ्या दिवशी दुखलं, तर एक दिवस सुट्टी आणि तीच पायरी पुन्हा. १५ थ्रोंनंतरही दुखणं तसंच राहिलं, तर तिथेच थांबायचं, दोन दिवस सुट्टी, आणि एक पायरी खाली. नीट बघितलं तर ऑपरेशनला किती महिने झाले हे यात कुठेच नाही. त्यामुळे एकाच दिवशी ऑपरेशन झालेल्या दोघांत तीन-तीन महिन्यांचा फरक पडू शकतो.

सातव्या ते नवव्या महिन्याच्या आसपास माउंड, म्हणजे पिचर जिथून टाकतो तो मातीचा उंचवटा. तो दहा इंच उंच, होम प्लेट (बॅटरजवळची पाटी) ६० फूट ६ इंचांवर. उतारावरून टाकताना भार पुन्हा वाढतो, म्हणून सुरुवातीला पंधराच फास्टबॉल, निम्म्या जोराने. नंतर चेंजअप (फसवा संथ चेंडू), आणि वळणारे कर्व्ह-स्लायडर सगळ्यात शेवटी. मग समोर खरा बॅटर, मग बनावट इनिंग.

इथून स्टार्टर आणि रिलीव्हरची वाट वेगळी होते. स्टार्टरला १५ चेंडूंवरून ७५-९० वर जायचंय, त्यात महिना-दीड महिना जातो. रिलीव्हर २०-२५ वर थांबू शकतो. वाचले ते एवढेच आठवडे.

पण स्टार्टरचा दिवस ठरलेला असतो. सामन्याआधी अर्धा तास तयारी, मग पाचेक दिवस मोकळे. रिलीव्हरच्या बाबतीत बुलपेनमधला (राखीव पिचर गरम होतात तिथला) फोन वाजतो आणि दहा मिनिटांत त्याला पूर्ण वेगाने टाकायचं असतं. स्टार्टर वेग राखून टाकतो, रिलीव्हर पहिल्या चेंडूपासून सगळं ओततो. कधी त्याला गरम करतात आणि उतरवतच नाहीत. ते पंचवीस-तीस चेंडू कुठल्याही स्कोअरकार्डात येत नाहीत, कोपराच्या खात्यात मात्र पडतात. २०२० पासून किमान तीन बॅटर किंवा इनिंग संपेपर्यंत टाकावंच लागतं, आणि २०२३ पासून बेसवर कुणी धावपटू नसताना दोन चेंडूंमध्ये १५ सेकंदच मिळतात. आणि सगळ्यात अवघड म्हणजे काल टाकलं तरी आज पुन्हा.

मघाचं वाक्य आठवा. लागोपाठच्या दुसऱ्या दिवशी पुढच्या हाताचे स्नायू अजून दमलेले असतात, म्हणजे नव्या लिगामेंटच्या वाट्याला जास्त भार. म्हणून रिलीव्हरची शेवटची परीक्षा चेंडूंच्या संख्येची नसते, दोन खेपांमधल्या अंतराची असते. आधी एक इनिंग आणि दोन-तीन दिवस सुट्टी. मग एक दिवस सुट्टी. मग १५ चेंडू टाकून पंधरा मिनिटं बाकावर बसायचं, अंग गार पडू द्यायचं आणि पुन्हा उठून १५. मग जाणूनबुजून कमी वेळात गरम होऊन उतरणं. सगळ्यात शेवटी लागोपाठ दोन दिवस. यातली एखादी पायरी घाईत गाळली की पुढच्या महिन्यात पुढच्या हाताचा स्नायू ताणल्याची बातमी येते.

या कामाची किंमत बघायची तर जॉनी व्हेंटर्स. २०११ मध्ये त्याने अटलांटा ब्रेव्हजसाठी ८५ सामन्यांत गोलंदाजी केली. २०१२ नंतर तो सर्वोच्च पातळीवर, म्हणजे मेजर लीगमध्ये पुन्हा दिसला तो एप्रिल २०१८ मध्ये, टॅम्पा बेकडून. कारकिर्दीत त्याची तीन टॉमी जॉन ऑपरेशनं झाली, शिवाय कोपराची आणखी एक दुरुस्ती. चांगली बाजूही आहे. कर्बी येट्सचं दुसरं टॉमी जॉन मार्च २०२१ मध्ये झालं, परतला ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे सतरा महिन्यांनी, आणि २०२४ मध्ये टेक्सस रेंजर्ससाठी ३३ सेव्ह केले, म्हणजे तितक्या सामन्यांत संघाची आघाडी शेवटपर्यंत राखली.

खरोखर लवकर परतलेला रिलीव्हर म्हणजे सेथ मेनेस. ऑगस्ट २०१६ मध्ये ऑपरेशन, मे २०१७ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सकडून मैदानात. पण ते टॉमी जॉन नव्हतं. त्याचं लिगामेंट हाडापासून सुटलं होतं आणि बाकी धड होतं, म्हणून तेच परत जोडून वरून मजबूत टेप बसवली. याला इंटर्नल ब्रेस म्हणतात. मूळ लिगामेंटच जागेवर असल्याने कलम जिवंत होण्याची वाट बघावी लागत नाही. लिगामेंट मधोमध पिंजलेलं असेल तर मात्र नुसत्या या उपायावर भागत नाही.

आता तुमचा रिलीव्हर. पाचव्या महिन्यात दोन आठवडे थांबवणं हे वरच्या नियमांच्या धर्तीवरच आहे, फक्त सुट्टी जास्त दिवसांची. बहुतेक वेळा स्नायू कुरकुरतो आणि गडी एखादी पायरी खाली येऊन पुन्हा सुरू करतो. दुसऱ्या दिवशी हात आखडणं, कोपर पाचेक अंश सरळ न होणं, चेंडू इकडेतिकडे जाणं, हेही नेहमीचं. वेग आधी परत येतो, नेम नंतर, कधी पुढच्या मोसमात. मी काळजी करेन ती ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरकडे पुन्हा पाठवलं आणि नवा एमआरआय काढला तर, करंगळीत मुंग्या सुरू झाल्या तर, किंवा माउंडवर आल्यावर वेग आणि नेम दोन्ही एकदम ढासळले तर.

सगळं सुरळीत गेलं तर त्याला मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवर, सरावासाठी पाठवतील. पिचरला तिथे साधारणपणे ३० दिवसांची मुदत असते. त्या दिवसांत रडारवर किती आकडा आला याच्या बातम्या येतील, त्या सोडून द्या. स्कोअरकार्डातल्या तारखा बघा. लागोपाठच्या दोन तारखांना त्याचं नाव दिसलं की थोड्याच दिवसांत तो वर येईल असं धरायला हरकत नाही.