दहावीची उत्तरपत्रिका : वाचकांचे प्रश्न

दहावीच्या लेखी परीक्षेतील उत्तरांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मी मराठी विषय शिकवला असून मंडळाच्या उत्तरपत्रिकाही अनेक वर्षे तपासल्या आहेत. गणित व विज्ञान या विषयांबाबत मात्र त्या विषयांच्या परीक्षक सहकाऱ्यांशी बोलून मगच लिहिले आहे.

माझ्या वर्गात सर्वांत जास्त पुरवण्या मी घेते. स्वमताच्या प्रश्नाला पानभर लिहिते, विज्ञानाची कारणे तर मला पाठच आहेत. तरीही तीन गुणांपैकी दीड-दोनच मिळतात. आमच्या बाई म्हणतात, “मुद्द्याचं लिही.” मुद्द्याचे म्हणजे नेमके काय?
— एक विद्यार्थिनी, बार्शी

तू विचारलेला प्रश्न फार मोलाचा आहे, कारण ‘मुद्द्याचं लिही’ असे आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे सांगत आलो, पण मुद्दा कसा ओळखायचा हे फार थोड्यांनी दाखवले. प्रश्न हाती आला की आधी त्यातले क्रियापद शोध. ‘कारणे लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘तुमचे मत लिहा’, ‘रसग्रहण करा’ या चार वेगवेगळ्या मागण्या आहेत आणि एकाच धड्याची तीच माहिती त्या चार ठिकाणी चार प्रकारे मांडावी लागते. क्रियापदानंतर गुण पाहा. तीन गुण म्हटले की परीक्षकाला साधारणपणे तीन स्वतंत्र गोष्टी दिसाव्या लागतात. एकच गोष्ट तीनदा लिहिल्याने गुण वाढत नाहीत, वेळ मात्र जातो.

विज्ञानातले एक उदाहरण घेऊ. ‘थंड प्रदेशात तळे गोठले तरी त्यातील मासे जिवंत राहतात. शास्त्रीय कारण लिहा.’ पुष्कळ मुले लिहितात : ‘पाण्याच्या असंगत आचरणामुळे वर बर्फ तयार होतो आणि खाली पाणी राहते, म्हणून मासे जगतात.’ यात चुकीचे काहीच नाही, पण कारणाऐवजी कारणाचे नाव लिहिले आहे. असंगत आचरण म्हणजे काय आणि त्यामुळे बर्फ तळाशी न होता वरच का होतो, हे उत्तरात आलेलेच नाही. आता पायऱ्या मांडून पाहा. हवा थंड होऊ लागली की पृष्ठभागावरचे पाणी आकुंचन पावते, त्याची घनता वाढते आणि ते तळाशी जाते. असे सगळ्या पाण्याचे तापमान ४ अंश सेल्सिअस होईपर्यंत चालते, कारण या तापमानाला पाण्याची घनता सर्वाधिक असते. त्याखाली तापमान गेले की पाणी आकुंचन पावण्याऐवजी प्रसरण पावते, हलके होते आणि वरच राहून गोठते. बर्फ उष्णतेचा दुर्वाहक असल्यामुळे खालच्या पाण्यातली उष्णता सहज बाहेर जात नाही, तळाशी पाणी द्रवरूपात टिकते आणि मासे तगतात. इथे प्रत्येक वाक्य मागच्या वाक्यातून निघाले आहे. तुझी कारणे पाठ आहेत हे चांगलेच आहे. पण लिहिताना दर वाक्यानंतर स्वतःला ‘का?’ असे विचार आणि त्या ‘का’चे उत्तर कागदावर आले आहे की फक्त तुझ्या मनात राहिले आहे, ते तपास. परीक्षकाला तुझ्या मनातले वाचता येत नाही.

स्वमताचे दुखणे याहून वेगळे आहे. ‘श्रमाला प्रतिष्ठा मिळाली पाहिजे, याविषयी तुमचे मत लिहा’ अशी कृती असली, की उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात एकामागून एक तेच वाचायला मिळते : श्रमाला फार महत्त्व आहे, श्रमाशिवाय यश नाही, म्हणून प्रत्येकाने श्रम केले पाहिजेत. पानभर मजकूर असतो आणि मत एकही नसते, कारण प्रश्न श्रम करण्याचा नसून श्रमाला प्रतिष्ठा देण्याचा आहे. एका उत्तरपत्रिकेत मात्र एका मुलीने लिहिले होते की, त्यांच्या गल्लीत घंटागाडीवरच्या काकांनी पाणी मागितले, तर घरात त्यांच्यासाठी वेगळा पेला ठेवलेला आहे, आणि तो पेला बदलला तरच श्रमाला प्रतिष्ठा दिली असे म्हणता येईल. उत्तर जेमतेम आठ ओळींचे होते, पण तिने प्रश्नातला ‘प्रतिष्ठा’ हा शब्द नेमका पकडला होता, स्वतः पाहिलेली गोष्ट सांगितली होती आणि त्यातून मत मांडले होते. मी तिला पूर्ण गुण दिले, आणि तो पेला आजही माझ्या लक्षात आहे. तूही उत्तर सुरू करण्यापूर्वी अर्धा मिनिट थांब, प्रश्नातला कळीचा शब्द अधोरेखित कर आणि तुझ्या घरातले, गावातले, शाळेतले काय आठवते ते पाहा. पुरवण्या आपोआप कमी होतील.

कवितेच्या रसग्रहणातही हेच आहे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये या तिन्ही अंगांनी लिहायचे असते, हे तुला ठाऊक असेलच. मुले आशय भरभरून लिहितात आणि भाषेविषयी ‘भाषा साधी, सोपी व ओघवती आहे’ एवढ्या एका वाक्यावर सुटका करून घेतात. हे वाक्य कोणत्याही कवितेला चिकटते, म्हणून ते कोणत्याच कवितेविषयी काही सांगत नाही. दिलेल्या ओळींतला एखादा शब्द उचल आणि कवीने तोच का वापरला असावा, हे दोन वाक्यांत लिही.

माझ्या मुलाचे अक्षर फार वाईट आहे. त्यामुळे बोर्डात गुण जातील, अशी आम्हा दोघांनाही धास्ती वाटते. हस्ताक्षराचा वर्ग लावावा का?
— एक पालक, सातारा

दहावीच्या वर्षात अक्षराचे वळण बदलू पाहणे मला योग्य वाटत नाही. त्याने लिहिण्याचा वेग मंदावतो आणि मुलगा बिचकतो. परीक्षकाला सुंदर अक्षर नको असते, वाचता येईल असे अक्षर हवे असते. तुमच्या मुलाला दोन शब्दांत नीट अंतर सोडायला, अनुस्वार व काना-मात्रा स्पष्ट द्यायला आणि चुकलेला शब्द गिरवत न बसता त्यावर एकच आडवी रेघ मारायला सांगा. प्रत्येक प्रश्नाचा व उपप्रश्नाचा क्रमांक प्रश्नपत्रिकेत जसा छापला आहे अगदी तसाच समासात लिहायची सवय लावा, कारण चुकीच्या क्रमांकाखाली लिहिलेल्या बरोबर उत्तराइतके दुर्दैवी काही नसते. महिनाभर रोज एक उत्तर लिहून घ्या आणि ते त्याला मोठ्याने वाचायला सांगा. जिथे तो स्वतःच अडखळेल तिथे परीक्षकही अडखळणार आहे.

गणितात माझे अंतिम उत्तर बरोबर येते, तरी एखादा गुण जातोच. पडताळून पाहिले तर चूक सापडत नाही.
— एक विद्यार्थी, चिपळूण

चूक नसेल, काहीतरी लिहायचे राहून जात असेल. समज, १० मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकवली आहे, तिचे खालचे टोक भिंतीपासून ६ मीटरवर आहे आणि शिडीचे वरचे टोक किती उंचीवर आहे असे विचारले आहे. तू मनातल्या मनात ८ काढतोस आणि एका ओळीत उत्तर लिहून मोकळा होतोस. परीक्षकाला मात्र हे दिसायला हवे असते : भिंत जमिनीला लंब आहे, म्हणून तयार झालेला त्रिकोण काटकोन त्रिकोण आहे, शिडी हा त्याचा कर्ण आहे, पायथागोरसच्या प्रमेयानुसार उंचीचा वर्ग १०० वजा ३६ म्हणजे ६४, म्हणून उंची ८ मीटर. ‘काटकोन त्रिकोण’, प्रमेयाचे नाव आणि ‘मीटर’ हे तीन ठिपके तुझ्या उत्तरातून निसटत असावेत. पायऱ्या लिहिण्याचा आणखी एक फायदा असा की, शेवटी आकडेमोड चुकली तरी आधीच्या बरोबर पायऱ्यांचे गुण मिळू शकतात. नुसते चुकलेले उत्तर लिहिले तर मिळण्यासारखे काहीच उरत नाही.

भूमितीत सिद्धता लिहिताना पक्ष, साध्य, रचना, सिद्धता हा क्रम सोडू नकोस आणि प्रत्येक विधानापुढे कंसात कारण लिही. रचनेच्या प्रश्नात आधी कच्ची आकृती काढ आणि कंपासने काढलेले कंस खोडरबराने मुळीच पुसू नकोस. आकृती कंपासने काढली आहे याचा तोच पुरावा असतो.

पेपर कधीच पूर्ण होत नाही. मराठीत शेवटचे लेखन घाईत उरकावे लागते.
— एक विद्यार्थिनी, नाशिक

मराठीची कृतिपत्रिका ८० गुणांची आणि वेळ ३ तास, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे. उपयोजित लेखनाचे एकूण २४ गुण शेवटच्या विभागात असतात. त्या विभागासाठी तुझ्याजवळ निदान ५० मिनिटे उरली पाहिजेत. भाषाभ्यासाची उत्तरे छोटी आणि नेमकी असतात, ती ठरलेल्या वेळेआधी संपवून तिथे वाचलेली मिनिटे निबंधाला दे. २०२३च्या परीक्षेपासून मंडळाने निर्धारित वेळेनंतर १० मिनिटे वाढवून दिली आहेत. ती नवीन उत्तर लिहायला न ठेवता क्रमांक, सुटलेली उपकृती आणि पुरवणी नीट बांधली आहे की नाही हे पाहायला ठेव. पत्रलेखनात प्रश्नात दिलेलेच नाव व पत्ता वापर. घाईत स्वतःचे नाव लिहिले जाते, आणि ओळख पटेल असे काहीही उत्तरपत्रिकेत लिहायचे नसते.

आमच्या आश्रमशाळेतील मुलांची घरची भाषा भिली किंवा पावरी आहे. तोंडी विचारले तर मुले बरोबर सांगतात, पण लिहायला बसली की दोन-तीन तुटक वाक्यांवर थांबतात. काय करावे?
— एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा

सर, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. परीक्षेच्या प्रमाण मराठीपर्यंत यायला तुमच्या मुलांना इतरांपेक्षा लांबची वाट चालावी लागते, आणि कागदावर दिसणाऱ्या तुटक वाक्यांवरून त्यांना काही येत नाही असा निष्कर्ष काढला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुलांना उत्तर आधी त्यांच्याच भाषेत, गटात बसून, एकमेकांना सांगू द्या. विषय डोक्यात पक्का झाला की मग मराठीत लिहायला घ्या, आणि त्या वेळी नवे शब्द शिकवण्यापेक्षा जोडणारे शब्द शिकवा : कारण, म्हणून, त्यामुळे, तरीही, मात्र, याउलट. हे शब्द मोठ्या अक्षरांत लिहून फळ्याच्या बाजूला कायमचे लावून ठेवा. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांचा अभ्यास आहे. ‘ॲमेझॉन खोऱ्यात लोकसंख्या विरळ आहे, भौगोलिक कारणे लिहा’ असे विचारले तर तुमचा विद्यार्थी लिहील : ‘तिथे जंगल दाट आहे. रस्ते नाही. पाऊस खूप. माणसे कमी.’ यातील एकही गोष्ट चुकीची नाही. त्यालाच फळ्याकडे बोट दाखवून विचारा, यातले कशामुळे काय झाले? मग त्याच्याकडून असे उत्तर येते : ‘ॲमेझॉन खोऱ्यात वर्षभर खूप पाऊस पडतो व हवा उष्ण आणि दमट असते, त्यामुळे तिथे घनदाट वने आहेत. वने घनदाट असल्यामुळे रस्ते बांधणे कठीण जाते, म्हणून तिथे फार कमी लोक राहतात.’ माहिती सगळी त्याचीच आहे, फळ्यावरचे दोन-तीन शब्द तेवढे त्याने उचलले.

‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाला दोन रकाने आखून घ्या आणि समोरासमोर एकाच गोष्टीची तुलना होते आहे ना, ते मुलांनाच तपासू द्या. त्यात वाक्ये छोटी असली तरी चालतात, आणि अशा प्रश्नांत ही मुले लवकर आत्मविश्वास कमावतात. हे सगळे एका आठवड्यात जमणार नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज एकच उत्तर घेतलेत, आधी तोंडी आणि मग लेखी, तरी फेब्रुवारीपर्यंत पन्नासच्या वर उत्तरे होतील. त्यांतली काही, मुलांची नावे झाकून, आमच्या पत्त्यावर पाठवा. मी ती स्वतः तपासून, शेरे लिहून परत पाठवीन.