जुना लॅपटॉप घेण्याआधी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून तो कसा तपासावा?

पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून लॅपटॉप तपासता येतो, आणि कंपन्यांतून निघालेलं सेकंडहँड मशीन घेताना तर तपासावंच. विकणाऱ्याने विंडोज नव्याने टाकलेलं असतं, म्हणून वरवर सगळं चकाचक दिसतं; डिस्क आणि बॅटरी मात्र जुन्याच असतात.

लिनक्स मिंटला (लिनक्सचा एक प्रकार) ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. डाउनलोड केलेली आयएसओ फाइल (त्यात अख्खं मिंट असतं) नुसती कॉपी करून चालत नाही, ती रुफससारख्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर लिहावी लागते. मशीन सुरू करताना बूट मेनूसाठी, म्हणजे कुठून सुरू व्हायचं ते निवडायला, डेल आणि थिंकपॅडवर एफ १२, एचपीवर एफ ९ दाबा. सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) बंद करायच्या भानगडीत पडू नका. मिंट त्याच्यासकट चालतं, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर हा बदल केल्यावर विंडोज रिकव्हरी की मागून बसतं. बायोसला (मशीनच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड असेल आणि विकणाऱ्याला तो माहीत नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवा. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड, म्हणजे बायोसचा मुख्य पासवर्ड, हरवला तर मदरबोर्ड बदलणं हाच कंपनीचा अधिकृत उपाय आहे.

पहिल्यांदा डिस्क बघा. 'डिस्क्स' हे ॲप उघडून मेनूतून स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने स्वतः ठेवलेली आपल्या तब्येतीची नोंद, काढा. वरचं 'डिस्क इज ओके' वाचून निर्धास्त होऊ नका. डिस्क बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेली मर्यादा ओलांडेपर्यंत ते तसंच दिसत राहतं. खालच्या तक्त्यात ५ क्रमांकाची ओळ (रीॲलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब झाल्याने बदललेले भाग) आणि १९७ (पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग) शोधा. हार्डडिस्कवर १९७ मध्ये शून्याहून जास्त आकडा असेल, तर नव्या एसएसडीची किंमत भावातून वजा करा. एनव्हीएमई डिस्कचा (एसएसडीचा वेगवान प्रकार) तपशील त्या ॲपमध्ये दिसला नाही, तर फोनवरून यूएसबी टेदरिंगने नेट घेऊन टर्मिनलमधून (कमांड लिहायची खिडकी) स्मार्टमॉनटूल्स हा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम टाका. ते रॅममध्येच बसतं, लॅपटॉपच्या डिस्कवर काही लिहिलं जात नाही. त्यात 'पर्सेंटेज यूज्ड', म्हणजे डिस्कचं किती टक्के आयुष्य वापरून झालं, ते बघा, आणि 'मीडिया एरर्स' शून्य आहेत ना याची खात्री करा.

बॅटरीसाठी 'पॉवर स्टॅटिस्टिक्स' उघडा. मूळ क्षमता ५० वॅट-तास आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावर ३०, म्हणजे ६० टक्के बॅटरी उरली. तेवढ्यावर थांबू नका. चार्जर काढून पंधरा-वीस मिनिटं व्हिडिओ चालवा. ४० टक्क्यांवरून मशीन एकदम बंद पडलं, तर बहुधा एखादा सेल गेलेला असतो.

मग स्ट्रेस-एनजी हा ताण देणारा प्रोग्रॅम टाकून प्रोसेसरचे सगळे कोअर दहा मिनिटं पळवा आणि शेजारच्या टर्मिनलमध्ये तापमान व वेग बघत राहा. जोरात काम करताना ९० अंशांच्या आसपास जाणं बऱ्याच लॅपटॉपना नवं नाही. पण मिनिटभरात १०० गाठून वेग निम्म्यावर आला, तर बहुधा फॅनमध्ये धूळ आहे किंवा प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट सुकली आहे. हे काम स्वस्तात होतं, तेव्हा घासाघीस करून घ्यायला हरकत नाही. डेलमध्ये मशीन गार असूनही वेग तळाला अडकला, तर आधी चार्जर बदलून बघा. ओळख न पटलेल्या चार्जरवर डेल मुद्दाम वेग कमी करतं आणि बॅटरीही चार्ज करत नाही.

कीबोर्डची प्रत्येक की, दोन्ही स्पीकर, कॅमेरा आणि सगळे यूएसबी पोर्ट ओघात होऊन जातात. रॅमसाठी मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची निदान एक पूर्ण फेरी हवी, तिला तासभर लागू शकतो.

लिनक्सवर चाललं नाही म्हणजे बिघडलं असं मात्र नाही. ब्रॉडकॉमचं वायफाय बऱ्याचदा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय दिसत नाही, बऱ्याच फिंगरप्रिंट रीडरना लिनक्समध्ये आधारच नाही, आणि एनव्हिडियाच्या कार्डावर स्क्रीन काळी पडली तर सुरुवातीच्या मेनूतला 'कम्पॅटिबिलिटी मोड' वापरायचा. अशा वस्तू विंडोजमध्ये पुन्हा तपासा.

उलट, विंडोज ऑटोपायलटची नोंद, म्हणजे मशीन एखाद्या कंपनीच्या ताब्यात असल्याची मायक्रोसॉफ्टकडची नोंद, लिनक्समधून कळत नाही. पैसे देण्याआधी विकणाऱ्यालाच विंडोज रिसेट करून वायफायला जोडायला सांगा. सेटअपमध्ये एखाद्या कंपनीचं नाव आणि तिथल्या खात्याचा लॉगिन आला, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. कंपनीने नोंद काढेपर्यंत घेऊ नका.