लायसोसोमच्या नादी लागलेली मुलगी

'मुलगी एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, प्राणिशास्त्र. गर्भाच्या वाढीत पेशींना येणारे संदेश लायसोसोमला कसे वळवतात, यातच पुढे शिकायचं म्हणते. एवढ्याशा विषयावर पोट भरेल का? एम.बी.ए. बरं ना?' – एक आई, कोथरूड

ताई, विषय एवढासा नाही. १९५५ साली बेल्जियन शास्त्रज्ञ द दूव्ह यांनी लायसोसोम, म्हणजे पेशीतला टाकाऊ भाग पचवणारा कप्पा, शोधला आणि पुढे कितीतरी वर्षं तो पेशीतली कचराकुंडी म्हणूनच शिकवला गेला. आज चित्र वेगळं आहे. पेशीला 'व्हिंट' हा संदेश मिळाला की जीएसके-३ नावाचं एन्झाइम बारीक पुटिकांमध्ये, म्हणजे पडद्याच्या इवल्या पिशव्यांमध्ये, कोंडलं जातं. ते अडकलं म्हणून बीटा-कॅटेनिन हे प्रथिन टिकतं, आणि पेशीने पुढे काय व्हायचं ते त्यावरून ठरतं. अशा पुटिकांचं गाठोडं एक तर लायसोसोममध्ये जिरतं, नाहीतर पेशीबाहेर सोडलं जातं. त्या सुट्या पुटिका म्हणजे एक्सोसोम. फळमाशीच्या पंखाच्या वाढीत व्हिंटचाच भाऊबंद 'विंगलेस' काही प्रमाणात एक्सोसोमवर बसून प्रवास करतो. हे वाचून एखादी मुलगी झपाटली तर मला त्यात काळजीचं काही दिसत नाही, उलट आनंदच वाटतो.

आता पोटाचं. संशोधनात कमाई उशिरा सुरू होते, हे आधीच सांगते. एम.एस्सी., मग पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जे.आर.एफ. ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडं भत्ता. पण हात रिकामे राहत नाहीत. पेशी वाढवणं, कॉन्फोकल मायक्रोस्कोपी (लेझरच्या सूक्ष्मदर्शकाने पेशी पाहणं) ही कौशल्यं लस आणि औषध कंपन्यांना लागतात. एमआरएनए लसीचा कण पेशीत शिरल्यावर लायसोसोमच्या तावडीत सापडण्याआधी त्यातला एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याची सूचना, निसटावा लागतो; म्हणजे प्रश्न तिच्याच विषयातला.

एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅम ही परीक्षा असते. तिच्या बायोटेक्नॉलॉजी पेपरात बारावीपर्यंतचं गणित आणि भौतिकशास्त्रही असतं. जीवशास्त्राची मुलं तिथेच मार खातात, तेव्हा ती पुस्तकं माळ्यावरून आत्ताच काढा.

मात्र वाचनातली आवड आणि प्रयोगशाळेतली चिकाटी या दोन वेगळ्या गोष्टी. पुण्यात पाषाणला आयसर, विद्यापीठाच्या आवारात पेशीविज्ञानाची एन.सी.सी.एस., गो. ग. आगरकर रस्त्याला आघारकर संस्था अशा संशोधन संस्था आहेत. तिथल्या प्राध्यापकांना तिने स्वतः ईमेल करावा, तुम्ही नको. त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून, त्यातला एक प्रश्न विचारून. दहा ईमेलना एक उत्तर आलं तरी पुरे. सुट्टीत महिना-दोन महिने बाटल्या धुणं, प्रयोगातल्या फळमाश्यांचं खाद्य शिजवणं, फसलेला प्रयोग पुन्हा लावणं हे सगळं करू द्या. एम.बी.ए.चा विषय तोवर घरात काढू नका. परत आल्यावर ती काय सांगते ते ऐका, आणि मला कळवा.